स्पर्शनकाशा

स्पर्शनकाशा म्हणजे उठावदार रेषा, ठिपके व पोत यांच्या साहाय्याने तयार केलेला आणि बोटांनी चाचपून वाचता येणारा नकाशा होय. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना भूगोल व इतिहास शिकवताना त्याचा उपयोग होतो. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी १८३७ मध्ये बॉस्टन येथे अंधांसाठी अमेरिकेचा उठावदार नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. भारतात नॅटमो या कोलकात्याच्या केंद्रीय नकाशासंस्थेचा ब्रेल नकाशासंग्रह २०१७ मध्ये प्रकाशित झाला.

रचना

छापील नकाशाच्या रेषा नुसत्या उठावदार केल्याने स्पर्शनकाशा होत नाही. डोळ्याला संपूर्ण नकाशा एकाच वेळी दिसतो. बोटाला मात्र तो तुकड्यातुकड्यांनी कळतो आणि ते तुकडे वाचकाला मनात जुळवावे लागतात. महाराष्ट्राच्या नकाशात राज्याची सीमा, सह्याद्री, गोदावरी, भीमा आणि लोहमार्ग एकत्र उमटवल्यास बोटाखाली निव्वळ गुंता येतो. म्हणून एकाच नकाशाऐवजी एकाच प्रमाणाचे दोन-तीन नकाशे करतात: पहिल्यात सीमा व किनारा, दुसऱ्यात पर्वत व नद्या, तिसऱ्यात शहरे. इतिहासातील मोहिमेच्या नकाशात मधली बहुतेक गावे गाळून प्रारंभ, शेवट आणि मार्ग एवढेच ठेवणे श्रेयस्कर ठरते. काय गाळायचे हा निर्णय विषयशिक्षकाचा असतो, कारीगराचा नव्हे.

ब्रेल अक्षरे लहान करता येत नाहीत, ही आणखी एक अडचण. ‘गोदावरी’ हा शब्द ब्रेलमध्ये सात चौकटींचा होतो आणि सुमारे चार सेंटिमीटर जागा व्यापतो. त्यामुळे नकाशावर केवळ आद्याक्षर देऊन पूर्ण नाव स्वतंत्र सूचीत देतात.

उष्णतेने फुगणारा विशेष कागद किंवा साच्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा यांवर असे नकाशे काढले जातात. वर्गात पुठ्ठा, सुतळी, लोकर व डाळीचे दाणेही पुरतात. मात्र सुतळी एकदा नदीसाठी वापरली, तर वर्षभर तिचा अर्थ नदी हाच राहावा लागतो.

परीक्षा

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या सामाजिक शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत दृष्टिबाधित परीक्षार्थींना नकाशाच्या प्रश्नाऐवजी लेखी पर्यायी प्रश्न दिले जातात. त्यामुळे त्यांचे गुण बुडत नाहीत. परंतु ही सवलत परीक्षेपुरती आहे. तिच्या आधारे वर्गातूनही नकाशा वगळल्यास विद्यार्थ्याला नदीचे नाव पाठ होते, पण ती कोणत्या दिशेने वाहते व कोणत्या शहराजवळून जाते हे उमगत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीतील योग्य बदलांबरोबरच, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व अध्ययनसाहित्य विनामूल्य पुरवण्याचीही तरतूद आहे.