दोन आट्यांचा फरक

मी शाळेत असताना दारव्ह्याला वडिलांच्या जुन्या रॅलेच्या मधल्या एक्सलचा कप झिजला. वडील शिक्षक, शेजारच्या गावची शाळा सायकलीवरच गाठायची.

चेन झिजली असती तर चिंता नव्हती. नॉटिंगहॅमची रॅले, सोनीपतची १९५१ ची अ‍ॅटलस, लुधियानाची १९५६ ची हिरो, या साध्या काळ्या सायकलींच्या चेनचे माप एकच, अर्धा इंच. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि चाक २८ इंची असले, की पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते, मग नाव कुठलेही असो.

कपाचे तसे नव्हते. इंग्रजी सायकलींच्या प्रचलित मापात इंचाला २४ आटे, रॅलेचे मात्र २६. व्यास जवळपास सारखा, म्हणून चुकीचा कपही सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, मग आवळतो. जोर लावला तर फ्रेममधलेच आटे जातात.

आमच्या मिस्त्रीने हे कुठे वाचलेले नव्हते. नव्या कपाचे आटे त्याने जुन्याच्या आट्यांत अडकवले आणि उजेडासमोर धरले. मध्ये फट दिसली. मग भंगाराचा डबा उपडा केला आणि तासाभराने जुळणारा कप काढला.

सायकलींच्या मापांचा आपल्याकडचा इतिहास अशा डब्यांत आहे. दुकानांबरोबर ते डबेही आता भंगारात चालले आहेत.