महाविद्यालय निवडताना नावापेक्षा पदवीपर्यंतचा रस्ता पाहा

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, कुठल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा? उत्तर बहुतेक वेळा शेजारी, एखादा एजंट किंवा चौकातला मोठा फलक देतो. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांसोबत काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या वर्षी फी, खोलीभाडे किंवा एकटेपणा यांमुळे शिक्षण थांबते. म्हणून आमच्या मते योग्य महाविद्यालय म्हणजे जिथे आपला विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत टिकू शकेल, ते.

हा विचार आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. सिद्धार्थमध्ये नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते, तर मिलिंदमध्ये खेड्यातून येणाऱ्यांसाठी वसतिगृह होते. विद्यार्थी कोणत्या परिस्थितीतून येतो, हे पाहून महाविद्यालय उभे केले गेले. आपणही निवड करताना तेच पाहावे.

१. आधी मान्यता तपासा

इमारत आणि जाहिरात पाहण्यापूर्वी कागद पाहा. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता आहे का? अभियांत्रिकीसाठी एआयसीटीई, फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल, विधी शाखेसाठी बार कौन्सिल, बी.एड.साठी एनसीटीई. संस्थेला मान्यता असते, पण नव्याने सुरू केलेल्या तुकडीला नसते, असेही घडते. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते. नॅकची श्रेणी पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, प्रयोगशाळा खरोखर चालते का, हे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा.

२. खरा खर्च काढा

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप, या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या दोन मुख्य योजना आहेत. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

इथे चार गोष्टी लक्षात ठेवा.

• व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. ‘आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर बघू’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा.

• अभिमत किंवा खासगी विद्यापीठ निवडण्याआधी कोणती योजना लागू आहे, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून लेखी खात्री करा. चार वर्षांचे कर्ज या एका प्रश्नावर ठरते.

• एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असतात. आपला प्रवेश कशात आहे ते विचारा. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या.

• शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. तो पैसा घरखर्चात गेला तर पुढे कॉलेज निकाल आणि दाखल्यासाठी अडवू लागते. घरात हे आधीच बोलून ठेवा.

३. कागदपत्रांवरून जागा जाऊ देऊ नका

राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अकरावीतच जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करा. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात गर्दी असते आणि वडिलांचा किंवा आजोबांचा जुना शाळेचा दाखला शोधायला वेळ लागतो.

केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र हवे असते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, पण केंद्राच्या प्रमाणपत्रात आदेशाच्या यादीतील मूळ जातीचा उल्लेख लागतो. ‘आम्ही बौद्ध आहोत’ ही आपली ओळख आहे आणि ती सोडायची नाही. प्रमाणपत्राचा नमुना मात्र तहसील कार्यालयातून वेळेत आणि अचूक घ्या, कारण अर्जाच्या वेळी वाद घालून जागा मिळत नाही.

आणखी एक मुद्दा. अल्पसंख्याक दर्जाच्या शिक्षणसंस्था घटनेच्या कलम १५(५) मधून वगळलेल्या आहेत. तिथे अनुसूचित जातीच्या जागा असतीलच असे नाही. पसंतीक्रम भरण्याआधी ते पाहून घ्या.

४. राहायचे कुठे?

घरापासून लांबचे महाविद्यालय निवडताना फीइतकाच विचार राहण्याच्या खर्चाचा करा. समाजकल्याण विभागाच्या मागासवर्गीय वसतिगृहासाठी वेळेत अर्ज करा. तिथे प्रवेश मिळाला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर विभागीय शहरांत व महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तिची रचना आहे. उत्पन्न, गुण आणि स्थानिक रहिवासी नसणे अशा तिच्या अटी आधी वाचा. रक्कम उशिरा येते, म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवा. मुलींसाठी वसतिगृह ते कॉलेज हा रस्ता संध्याकाळी कसा असतो, तेही पाहून या.

५. तिथे माणूस म्हणून वागवतात का?

२०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. दोघेही नामांकित संस्थांत शिकत होते. पुढे त्यांच्या माता राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यामुळे मोठे नाव म्हणजे सुरक्षित जागा, असे मानता येत नाही. महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमाती कक्ष आणि समान संधी केंद्र आहे का, ते फक्त फलकावर आहे की त्याच्या बैठका होतात, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारा. आपले वरच्या वर्गातले विद्यार्थी सर्वांत खरे सांगतात.

म्हणून मोठ्या संस्थांना घाबरून मागे राहायचे, असे मात्र नाही. उलट तिथे आपली मुले गेलीच पाहिजेत. फक्त जाताना ती एकटी नसावीत. त्या शहरातल्या कार्यकर्त्याचा आणि विद्यार्थी संघटनेचा क्रमांक सोबत असावा.

६. पसंतीक्रम स्वतः भरा

कॅपमध्ये पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की जागा आपोआप निश्चित होते. त्यामुळे सर्वांत हवे असलेलेच नाव पहिले लिहा. गेल्या वर्षीचे आपल्या प्रवर्गाचे कटऑफ पाहा. काही नावे आवाक्याबाहेरची वाटणारी, काही मिळण्याजोगी आणि काही खात्रीची ठेवा. पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या हाती देऊ नका.

कार्यकर्त्यांसाठी

प्रवेशाची धावपळ आणि वर्षावास साधारण एकाच सुमारास येतात. विहारात ग्रंथवाचनाला लोक जमतातच. त्याच आवारात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल, एक लॅपटॉप आणि महाडीबीटी भरता येणारे दोन पदवीधर एवढे बसवले तरी वस्तीतल्या मुलांना एजंटकडे जावे लागणार नाही. कोणत्या विद्यार्थ्याने कुठे प्रवेश घेतला याची वही ठेवा आणि दिवाळीनंतर प्रत्येकाला फोन करा : शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला का, वसतिगृह मिळाले का, वर्गात कसे चालले आहे? शिक्षण सुटण्याआधीची पहिली खूण बहुतेकदा याच उत्तरांत सापडते.

जय भीम, नमो बुद्धाय.