हळदीची कॅसेट

टीव्हीला जोडायच्या नेटवर्क प्लेयरची जन्मकथा सहसा एका ठरावीक घरातून सुरू होते. त्या घरात एक खोली संगणकाची असते, त्या संगणकात गाणी आणि सिनेमे साठवलेले असतात, आणि हॉलमध्ये मोठा पडदा. प्रश्न एवढाच, की आतल्या खोलीतलं बाहेर कसं आणायचं. २००१ साली अमेरिकेतल्या स्लिम डिव्हायसेसने ‘स्लिमपीथ्री’ नावाची छोटी पेटी काढली. ती संगणकातली गाणी घरच्या नेटवर्कवरून ओढून स्टिरिओवर वाजवायची. पुढच्याच वर्षी काही हौशी पोरांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं कुलूप तोडून त्यात स्वतःचा प्लेयर घुसवला, त्याला आज कोडी म्हणतात. २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी एकत्र येऊन डीएलएनए ही संघटना काढली: कुणाचाही टीव्ही कुणाच्याही संगणकाशी बोलू शकला पाहिजे, एवढ्यासाठी. वंशावळ खरी आहे. पण त्या काळात पडघ्यात अशी घरं किती होती?

पडघा म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे टाकली की लागणारं गाव. २००१ साली इथल्या घरात टीव्ही असायचा, केबल असायची, वेगळ्या खोलीतला संगणक अपवादानेच. तरी आज टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयच्या भोकात अंगठ्याएवढी काडी खोचलेली दिसते आणि आजीसुद्धा रिमोटच्या माइकवर बोलून भजन लावते. ही काडी इथवर आली ती वेगळ्या वाटेने. केबलवाला, सीडीवाला, मोबाइल रिचार्जवाला आणि हळदीचं शूटिंग करणारा फोटोग्राफर हे तिचे इथले पूर्वज. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे प्लेयर घरात यायच्या आधीच नेटवर्क आलेलं होतं; फक्त ते घराच्या आत नव्हतं, गावभर होतं.

सुरुवात व्हीसीआरपासून करू. जेव्हीसीची व्हीएचएस पद्धत १९७६ची, आपल्याकडे ती पसरली १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आल्यावर. यंत्र महाग. बरेच व्हीसीआर आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून आले, आणि विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने आणणारे कितीतरी जास्त. गणपतीत, सत्यनारायणाला, रात्र जागवायची असेल तेव्हा टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं बिऱ्हाड यायचं. अंगणात टीव्ही टेबलावर, समोर अख्खी आळी. महामार्गावरून रात्रीच्या व्हिडिओ कोच धावायच्या, त्यातही हाच प्रकार. कॅसेटींच्या नकला इतक्या बेसुमार झाल्या की १९८४ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त करून व्हिडिओ फिल्मचा त्यात खास समावेश करावा लागला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की यंत्र घरोघर नेण्यापेक्षा तार घरोघर न्यावी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या उंच इमारतींत हे सुरू झालं: एका खोलीत व्हीसीआर, तिथून प्रत्येक मजल्यावर वायर. १९९१मध्ये आखाती युद्ध आणि स्टार टीव्ही आल्यावर त्याच तारांना डिश मिळाली आणि धंदा गावोगाव गेला. केबलवाल्याच्या खोलीत काय असायचं ते नीट बघण्यासारखं आहे. रॅकवर रिसिव्हर, त्यांच्या शेजारी एक साधा व्हीसीआर. व्हीसीआरचं चित्र मॉड्युलेटर नावाच्या डब्यात जायचं आणि तिथे त्याला एक रिकामा चॅनल मिळायचा. मग सगळे चॅनल एकत्र करून जाड कोॲक्सियल वायरीत सोडायचे. वायर विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांदीवरून, कौलांवरून जायची, दर थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर. लांबच्या घरात सिग्नल पोचेपर्यंत दमायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. रात्री साडेनऊला ‘केबलचा पिक्चर’, खाली सरकत्या पट्टीवर साड्यांच्या दुकानाची जाहिरात. ओळखीच्याने दुपारी फोन केला तर फर्माइशीचा सिनेमाही लागायचा.

एका ठिकाणी साठवलेला चित्रपट, त्याला जोडलेले अनेक पडदे, आणि मागणी नोंदवायची सोय. आजच्या भाषेत हा मीडिया सर्व्हरच झाला. फक्त रिमोटच्या जागी टेलिफोन होता आणि मर्जी केबलवाल्याची. १९९५च्या केबल कायद्याने या माणसाला पोस्टात नोंदणी करायला लावली, पण त्याचा रात्रीचा पिक्चर पुढे बरीच वर्षं चालू राहिला.

मर्जी घरात आणली ती व्हीसीडीने. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून हे मानक ठरवलं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपेग-वन पद्धतीने दाबून बसवलेलं. एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटं. युरोप-अमेरिकेने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते डीव्हीडीची वाट बघत राहिले. चीनमध्ये वानयान कंपनीने १९९३ सालीच पहिला प्लेयर काढला आणि पाठोपाठ असंख्य कारखाने उभे राहिले. त्या लाटेतले प्लेयर लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून आणि भिवंडी-कल्याणच्या बाजारांतून आपल्याकडे आले. ७४ मिनिटांची मर्यादा पश्चिमेला अडचण वाटली असेल. इथे अडीच तासांचा सिनेमा दोन सीडीत बसायचा आणि पहिली सीडी साधारण मध्यंतराच्या आसपास संपायची. चहा टाकायला तेवढा वेळ हवाच असतो. मारामारीत पडद्यावर चौकोन उठायचे, कारण एवढ्या कमी जागेत वेगवान हालचाल मावत नाही. सीडी अडकली की शर्टाच्या टोकाने पुसायची, नाही चालली तर निदान ठरलेलं: “लेन्स गेली.”

याच काळात तैवानमध्ये मीडियाटेक ही कंपनी उभी राहत होती. १९९७ साली ती यूएमसी या चिप कंपनीतून बाहेर पडली, आधी सीडी-रॉमच्या चिप केल्या, मग डीव्हीडी प्लेयरच्या. २००४च्या सुमारास ती मोबाइलकडे वळली आणि स्पीकर फाडून गाणी वाजवणाऱ्या, दोन सिमच्या स्वस्त चिनी फोनच्या पोटात तिचीच चिप बसली. २०१७ साली भारतात आलेल्या ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकमध्येही चिप मीडियाटेकचीच होती. डीव्हीडी प्लेयर, चायना मोबाइल आणि ही काडी दिसायला परक्या, पण घराणं एकच. नेटवर्क प्लेयरचा इतिहास लिहिताना सॉफ्टवेअरवाल्यांची नावं येतात, या चिपचं कुणी काढत नाही.

डीव्हीडी प्लेयरच्या तोंडाशी यूएसबीचं भोक आलं तेव्हा मोठा बदल झाला, आणि त्याची जाहिरात फारशी कुणी केली नाही. आता तबकडी नको, पेन ड्राइव्ह पुरे. मग रिचार्जच्या दुकानाने नवा व्यवसाय सुरू केला: मेमरी कार्ड भरून देणे. टपरीत एक संगणक, त्यात फोल्डर पाडलेले. आगरी-कोळी गाणी, भीमगीतं, दक्षिणेचे डब सिनेमे, रिंगटोन. कार्ड द्यायचं, पैसे द्यायचे, तासाभराने या. कायद्याच्या नजरेत हे चोरीत जमा, आणि गाणाऱ्याच्या हातात त्यातला एक पैसा पडत नव्हता हेही खरं. पण साठा कुठे होता आणि पडदा कुठे, हे पाहिलं तर स्लिमपीथ्रीवाल्या घराचा नकाशाच गावाच्या मापाने काढल्यासारखा वाटतो. संगणकाची खोली नाक्यावर, हॉल प्रत्येकाचा आपापला, आणि मधली वायर म्हणजे सायकलवरून कार्ड नेणारा पोरगा.

विजेबद्दल बोलल्याशिवाय पडघ्याबद्दल बोलता येत नाही. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी इथल्या उपकेंद्रात येऊन संपते: ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट क्षमता, १९९९ पासून. आलेली डीसी वीज इथे एसी होते आणि मुंबईच्या बाजूला जाते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन होतं, तेव्हा डोक्यावरून एवढी वीज जाणाऱ्या परिसरात सिनेमाच्या ऐन रंगात लाइट गेली की लोक काय बोलत असतील ते छापण्यासारखं नाही. गंमत अशी, की उपकेंद्रात खटाटोप करून एसी केलेली वीज प्लेयरच्या अडॅप्टरमध्ये पुन्हा डीसी होते, पाच-बारा व्होल्टची.  

दरम्यान ‘खऱ्या’ नेटवर्क प्लेयरचं काय झालं? ते आले, चांगलेही होते. वेस्टर्न डिजिटलने २००८ साली डब्ल्यूडी टीव्ही काढला, पुढच्या वर्षी त्याला नेटवर्कची तार जोडली. डीएलएनएची युक्ती समजायला सोपी आहे. घरच्या नेटवर्कवर आलेलं उपकरण मोठ्याने ओरडतं, “मी आलोय, माझ्याकडे सिनेमे आहेत,” आणि ज्यांना ऐकायचं ते ऐकतात. एक साठवणारा, एक दाखवणारा आणि एक सांगणारा, अशा तीन भूमिका. टीव्हीच्या खोक्यावर तिचं चिन्ह वर्षानुवर्षं छापून आलं. दुकानदाराने त्याचा अर्थ कधी सांगितला नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेला नव्हता. २०१७ साली संघटना विसर्जित झाली.

त्या वेळपर्यंत डाव फिरला होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा वाहू लागला. गूगलने २०१३ साली काढलेल्या क्रोमकास्टची करामत आता उपयोगी पडू लागली. फोनवर कास्टचं बटण दाबलं की सिनेमा फोनमधून टीव्हीत जातो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. फोन काडीला फक्त पत्ता सांगतो, काडी स्वतः इंटरनेटवर जाऊन चित्र आणते. म्हणून मध्येच फोन आला तरी पिक्चर थांबत नाही. केबलवाल्यानेही रूप बदललं. ग्रामीण भागासाठी डिजिटल केबलची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. सेट टॉप बॉक्स बसवता बसवता अनेकांनी ब्रॉडबँड टाकलं, आणि इंटरनेट देणाऱ्या छोट्या कंपन्यांपैकी काहींनी गिऱ्हाइकांसाठी स्वतःच्या सर्व्हरवर सिनेमांचा साठाही ठेवला. बाहेरचं इंटरनेट रांगायचं तेव्हा तो साठा सुसाट यायचा. केबलचा रात्रीचा पिक्चर पुन्हा जन्माला आला, या वेळी फर्माइशीशिवाय.

या काड्या येतात कुठून, तर शेजारून. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल ठेवला तर जकात वाचते, या हिशेबाने भिवंडी तालुक्यात गोदामं वाढली. जून २०१३मध्ये ॲमेझॉनने भारतात दुकान उघडलं तेव्हा त्यांचं पहिलं गोदाम भिवंडीलाच होतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र पडघ्याच्या बाजूला सरकत वाढतच राहिली.

या सगळ्या उलथापालथीत घराच्या मालकीची राहिलेली एक गोष्ट म्हणजे हळदीचं शूटिंग. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी घरांत लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी. धवलारीण लग्नाची गाणी गाते, बेंजो वाजतो, पहाटेपर्यंत नाच. नव्वदच्या दशकात त्याची व्हीएचएस कॅसेट मिळायची, मग गुलाबाच्या फुलांच्या कव्हरातली सीडी, मग डीव्हीडी. आता फोटोग्राफर पेन ड्राइव्ह देतो आणि वर यूट्यूबची लिंक. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की कधीकधी पडद्यावर येतं: फाइल चालत नाही. कॅमेरा नवा, टीव्ही जुना, दोघांची कोडेक, म्हणजे चित्र दाबून बसवायची पद्धत, जुळत नाही. मग भाचा काडीवर व्हीएलसी उतरवतो, लॅपटॉपवरचं फोल्डर शेअर करतो, व्हीएलसीच्या यादीत ‘लोकल नेटवर्क’ उघडतो आणि नवरी पडद्यावर. यात इंटरनेटची गरज नाही, राउटर चालू असला की झालं. वाहतूक पोलिसांच्या नारिंगी शंकूचं बोधचिन्ह असलेला हा प्लेयर १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाला. विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या नेटवर्कवर टीव्ही बघायचा होता. म्हणजे एका तारेवर अनेक खोल्या, आमच्या केबलवाल्याच्याच जातीचं काम.

कपाटातल्या कॅसेटचं मात्र व्हीएलसीला काही करता येत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. आता आधी चालू स्थितीतला जुना व्हीसीआर मिळवायचा, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचं, कोकणच्या दमट हवेत टेपवर धरलेली बुरशी बघायची आणि मग कॅप्चर कार्ड लावून ती संगणकात उतरवायची. या कामात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.