जपानी सुरी : तिचा इतिहास आणि तिची पारख

चीनमधील प्राचीन तत्त्वज्ञ च्वांग-त्सु याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत दिंग नांवाच्या एका आचाऱ्याची गोष्ट आहे. सामान्य आचारी महिन्याकाठीं सुरी बदलतो, चांगला आचारी वर्षाकाठीं. परंतु या दिंगची सुरी १९ वर्षें वापरांत असूनही तिची धार नव्यासारखी होती. कारण एवढेंच कीं, तो हाडावर घाव घालीत नसे. सांध्यांतील फट शोधून तेथूनच पातें फिरवी. या आचाऱ्याच्या नांवाचा जपानी उच्चार ‘होचो’ असा होतो, आणि जपानांत स्वयंपाकाच्या सुरीलाच तें नांव पडलें. हत्यारास तें वापरणाऱ्याचें नांव मिळावें, यांत एक मर्म आहे.

जपानी सुऱ्या हल्लीं आपल्या शहरांतही विकत मिळतात, आणि त्यांच्याबरोबर एक कथाही फुकट मिळते. ती अशी कीं, सामुराई वीरांच्या तलवारी गेल्या, त्या घडविणारे लोहार बेकार झाले, आणि त्यांनीं पोटासाठीं स्वयंपाकाच्या सुऱ्या घडविण्यास आरंभ केला. या कथेंत तथ्यांश आहे. मेजी सम्राटाच्या सरकारनें १८७६ च्या मार्च महिन्यांत हुकूम काढून, सैनिक, पोलीस व कांहीं समारंभ वगळतां, कमरेस तलवार लावून हिंडण्याची बंदी केली. सेकीसारख्या तलवारींसाठीं नांवाजलेल्या गांवांतील कारागीर त्यानंतर चाकू-सुऱ्यांकडे अधिकाधिक वळले. परंतु तेवढ्यावरून जपानी सुरी म्हणजे तलवारीची पोरकी लेक, असें समजणें हा इतिहासाचा विपर्यास होय. सुरीचा धंदा त्या हुकुमापूर्वीं कित्येक पिढ्या भरभराटीस आला होता. आणि त्यास मोठी चालना दिली ती युद्धानें नव्हे, तर तंबाखूनें!

ओसाकाच्या दक्षिणेस साकाई हें जुनें बंदर आहे. १५४३ मध्यें पोर्तुगीज लोक जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्यामुळें बंदुकीची ओळख झाली व साकाईचे लोहार लवकरच बंदुका घडवूं लागले. मागोमाग तंबाखू आली. आपला ‘तंबाखू’ आणि जपानी ‘ताबाको’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनींच दिलेले. त्यांची पूर्वेकडील राजधानी म्हणजे आपलें गोवें. जपानी लोक तंबाखूचीं पानें केसासारखीं बारीक चिरून ओढीत. त्यासाठीं धारही तशीच हवी. साकाईच्या सुऱ्या या कामीं इतक्या सरस ठरल्या कीं, तोकुगावा राजवटीनें त्यांना ‘साकाई किवामे’ हा मान्यतेचा शिक्का दिला.

याच राजवटींत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळांत, स्वयंपाकघरांतील पातींही आपापल्या आकारास आलीं. माशाचें डोकें तोडावयास जाड पाठीची ‘देबा’ निघाली. ती काढणाऱ्या लोहाराचे दांत पुढें आलेले होते, म्हणून तिला तें नांव पडलें, अशी एक गमतीची आख्यायिका आहे. कच्च्या माशाचे काप काढण्यास ओसाकाकडे विलोच्या पानासारखी निमुळती ‘यानागिबा’ आणि एदोकडे, म्हणजे आजच्या तोकियोंत, बोथट टोंकाची ‘ताकोहिकी’ रूढ झाली. भाजीसाठीं पातळ ‘उसुबा’ आली. आपल्या विळीवर पातें स्थिर असतें व जिन्नस चालता असतो. येथें जिन्नस स्थिर, आणि लांब पातें एका ओढीसरशीं आपल्याकडे आणावयाचें. कच्चा मासा चेंगरला कीं त्याचें पाणी सुटतें व चव बिघडते. धारेचें एवढें कौतुक त्यासाठीं आहे.

गोमांसासाठीं मात्र वेगळी सुरी नव्हती. ६७५ सालीं तेम्मु सम्राटानें गाईबैल वगैरे प्राण्यांचें मांस खाण्यास बंदी घातली, आणि बौद्ध धर्माच्या प्रभावानें मांसाविषयींचा संकोच पुढेंही शतकानुशतकें टिकला. १८७२ मध्यें मेजी सम्राटानें स्वतः गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें. पाश्चात्य पद्धतीचें जेवण आलें, आणि त्याबरोबर ‘ग्युतो’ ही पाश्चात्य वळणाची सुरी आली. पुढें विसाव्या शतकांत मांस, मासळी व भाजी या तिन्ही कामांस चालणारी ‘सान्तोकु’, म्हणजे ‘त्रिगुणी’, घरोघर पोहोंचली. सारांश, पात्याचा आकार पाहून त्या काळचें ताट ओळखावें!

आतां पारख. परंपरागत पात्यांत कठीण पोलाद व मऊ लोखंड तापवून एकजीव केलेलें असतें; पोलाद धार धरतें, लोखंड त्यास आधार देतें. साकाईंत घडविणारा, धार काढणारा व मूठ बसविणारा हे तीन निराळे कारागीर असतात. यासुगी येथील पोलादाच्या ‘पांढरा कागद’ व ‘निळा कागद’ या दोन जाती त्यांच्या वेष्टनाच्या रंगावरून ओळखल्या जातात. पांढरें पोलाद अधिक शुद्ध व धार लावण्यास सोपें. निळ्यांत टंगस्टन व क्रोमियम असल्यानें त्याची धार अधिक टिकते. दोन्ही गंजतात. ज्या घरांत सुरी ओली राहण्याचा संभव आहे, त्यांनीं न गंजणारें पोलाद घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

केवळ भाजी चिरणाऱ्या घरास दोहों बाजूंनीं धार असलेली ‘नाकिरी’ पुरते. मांसमासळीच्या घरास १६५ ते १८० मिलिमीटर पात्याची सान्तोकु. यानागिबा किंवा देबा यांना एकाच बाजूस धार असते. त्या सराईत हातासाठीं आहेत, आणि डावखुऱ्यांस त्या उलट धारेच्या घ्याव्या लागतात. दुकानांत पातें प्रकाशाकडे धरून सरळ आहे ना तें पाहावें, मूठ पक्की आहे ना तें पाहावें, हातांत तोल कसा येतो तें पाहावें. पात्यावरील लाटांच्या नक्षीला भुलूं नये. ती डोळ्यांसाठीं आहे, धारेसाठीं नव्हे.

हें पोलाद कठीण, म्हणूनच ठिसूळ. नारळ, हाड किंवा बर्फानें गोठलेला जिन्नस यांवर तें चालवाल तर धारेचे टवके उडतील. लांकडी पाटावरच चिरावें, हातानें धुवून लगेच पुसावें, आणि धार मंदावतांच पाण्यांत भिजविलेल्या दगडावर घासावें. फिरत्या चाकावर देऊं नये.

तेव्हां श्रोतेहो, सुरी विकत घेण्यापूर्वीं तिची किंमत विचारा, परंतु त्याआधीं स्वतःला एक प्रश्न विचारा: मी ही दगडावर घासणार आहें काय? उत्तर नकारार्थी असेल तर ती घेऊं नका. कारण लोहार धार देतो ती पहिल्या दिवसापुरती. पुढच्या १९ वर्षांची धार ज्याची त्यानेंच राखावयाची असते.