लिलावातल्या जिपांचा संसार

जुनी जीप विकत घ्यायला आलेला जाणता गिऱ्हाईक आधी रंग पाहत नाही. तो सरळ गाडीखाली शिरतो आणि बोल्टांची डोकी निरखू लागतो. एखाद्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं दिसलं, की तो भाग फोर्डच्या कारखान्यातला. मग नजर चासीच्या पुढच्या आडव्या दांडीवर जाते. दांडी गोल नळीची असेल तर चासी विलीसची, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. बहुतेक वेळा उत्तर धड एक येतच नाही. दांडी विलीसची, बोल्ट फोर्डचे, इंजिन तिसऱ्याच गाडीचं आणि हूड कुठल्या तरी गावच्या शिंप्याने शिवलेलं.

यात फसवणूकच असते असं नाही. ही गाडी जन्मली तीच मुळी सुटे भाग अदलाबदल करता यावेत म्हणून. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. पहिला चालता नमुना बँटम या छोट्या कंपनीने करून दिला, पण मोठी ऑर्डर मिळाली विलीस आणि फोर्डला. दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जिपा बाहेर काढल्या. वजन अकराशे किलोच्या आसपास, इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती, बॅटरी सहा व्होल्टची. एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसला पाहिजे, ही लष्कराची अट. रणांगणावरच्या मेकॅनिकसाठी घातलेल्या या अटीवर पुढे अर्धं शतक आपल्याकडच्या मिस्त्रींची चूल पेटली.

भारतात या गाड्या आल्या त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी. आसामातल्या लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकी इंजिनिअर खोदत होते, आणि ठिकठिकाणच्या तळांवर हजारो गाड्या उभ्या होत्या. युद्ध संपलं तेव्हा त्या परत नेण्यापेक्षा इथेच काढून टाकणं स्वस्त होतं. बंगालमध्ये ग्रँड ट्रंक रोडवरच्या पानागढला युद्धकाळात अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. पुढे त्याच गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लष्करी ट्रक, जिपा आणि त्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार वाढला. फिलिपिन्समध्येही हेच घडलं. मनिलाच्या कारागिरांनी अमेरिकी जिपा लांबवून, त्यावर छप्पर चढवून ‘जीपनी’ नावाची प्रवासी गाडी केली. आपल्याकडे सुरुवात जरा साधी होती. डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे आणायचं, सहा व्होल्टचं बारा करायचं, आणि पत्र्याचं दार लावायचं. मूळ जिपेला दारच नव्हतं.

याच सुमारास मुंबईत नवी जीप जुळवण्याचीही तयारी चालली होती. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवरचं दुसरं नावही महिंद्रा झालं. १९४७ मध्ये विलीसच्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात मागवल्या गेल्या. थोड्याच काळात माझगावला जीपजुळणीचा व्यवसाय उभा राहिला. पण देशाची भूक त्याहून फार मोठी होती, आणि ती जुन्या गाड्यांवर भागवण्याच्या नादात खुद्द सरकारचेच हात पोळले.

हा किस्सा जरा थांबून ऐकण्यासारखा आहे. १९४८ साल. काश्मीरची लढाई चालू, हैदराबादचा प्रश्न धुमसत होता आणि लष्कराला जिपा तातडीने हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीचे सरकारी संकेत बाजूला ठेवून दुरुस्त केलेल्या २,००० जुन्या जिपांचा करार केला. दर गाडीमागे ३०० पौंड, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने चार हजार रुपये. एकूण रक्कम ८० लाखांच्या घरात. ज्या कंपनीशी करार झाला तिचं भांडवल नगण्य होतं, तरी पैसे बऱ्याच प्रमाणात आगाऊ दिले गेले. मार्च १९४९ मध्ये मद्रासच्या बंदरात पहिल्या १५५ जिपा उतरल्या, आणि लष्कराने त्या पाहून सांगितलं की या चालण्याजोग्या नाहीत. एवढ्या पैशांत जवळजवळ नव्याच जिपा आल्या असत्या, हा टीकाकारांचा मुद्दा होता. संसदेच्या समित्यांनी ताशेरे ओढले, विरोधकांनी न्यायालयीन चौकशी मागितली. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले, आणि १९५७ मध्ये मुंबईकरांनी त्यांना उत्तर मुंबईतून लोकसभेत पाठवलं.

स्वतंत्र भारताचा पहिला मोठा गाजलेला घोटाळा म्हणून हे प्रकरण राजकारणाच्या पुस्तकांत येतं. गॅरेजवाल्याच्या नजरेने पाहिलं तर मात्र तो जुन्या गाडीच्या खरेदीतला अगदी ओळखीचा फटका आहे. गाडी न पाहता पैसे मोजले. गार इंजिन आपल्या हाताने सुरू करून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये, हे कुठल्याही तालुक्याच्या एजंटाला ठाऊक असतं.

त्यानंतरच्या दशकांत जीप देशभर पसरली ती सरकारी गाडी म्हणून. १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाली आणि बीडीओची जीप हे खेड्यातल्या सत्तेचं चालतं-बोलतं चिन्ह झालं. धुरळा उडवत ती गावात शिरली की चावडीवरची माणसं उठून उभी राहायची. वन खातं, पाटबंधारे, पोलिस, साखर कारखाने, सगळ्यांच्या दारात जीप. आणि या सगळ्यांकडची जीप एक ना एक दिवस लिलावात निघायची. लष्कराची तर ठरावीक काळाने निघायचीच.

लष्करी लिलावाची रीत निराळी. गाड्या एकेकट्या क्वचितच मिळत, लॉटमध्ये मिळत. दहा गाड्यांचा लॉट घेतला तर त्यात तीन धडक्या, चार अर्ध्या आणि उरलेल्या नुसत्या सांगाड्यासारख्या. व्यापारी त्या दहांतून पाच-सहा उभ्या करायचा आणि बाकीच्या भंगारात घालायचा. हरियाणात, पंजाबच्या सीमेला खेटून असलेलं मंडी डबवाली हे गाव याच धंद्यावर नावारूपाला आलं. तिथल्या कारागिरांनी लॉटमधल्या चासी आणि अॅक्सल घेऊन त्यावर नवा पत्रा चढवायला सुरुवात केली. आखूड, उघडी ‘लांडी जीप’ पंजाबी शेतकऱ्याच्या ऐटीचा भाग झाली. पुढे पुढे तर जुन्या गाडीत जुनं काय राहिलं, हाच प्रश्न पडू लागला. चासी नवी, बॉडी नवी, इंजिन दुसऱ्याच कंपनीचं. जुना उरला तो अनेकदा फक्त आरसी बुकाचा कागद, आणि म्हणून त्या कागदालाच भाव आला.

इंजिन बदलण्यामागे हौसेपेक्षा हिशेब जास्त होता. विलीसचं पेट्रोल इंजिन खादाड. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल घालून जीप पळवणं परवडेना. तेव्हा गावोगावच्या मिस्त्रींनी त्यात मिळेल ते डिझेल इंजिन बसवण्याचा सपाटा लावला. इंजिनाचे माउंटिंग वेल्डिंग करून सरकवायचे, गिअरबॉक्सशी जोडणारी पट्टी लेथवर उतरवून घ्यायची, पुढचे पाटे जाड करायचे, कारण डिझेल इंजिन वजनाला भारी. कंपनीनेही फार वेगळं केलं नाही. महिंद्राच्या आधीच्या डिझेल जिपेत आपल्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनलचं इंजिन होतं. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजोशी करार झाला आणि मग त्यांचं हलकं डिझेल इंजिन आलं. मिस्त्री आधी धावला, कारखाना मागून आला, असं म्हणायला इथे नक्की जागा आहे.

जोंगाचीही तीच गत. निसान पॅट्रोलच्या आराखड्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ही दांडगी गाडी. नाव जबलपूरच्या लष्करी कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं. तिचं जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन लष्कराच्या पंपावर ठीक होतं. लिलावात ती घेऊन घरी आणणाऱ्याच्या तोंडचं पाणी मात्र पहिल्याच महिन्यात पळायचं.

महाराष्ट्रात जुन्या जिपेचं झालं ते वडाप. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हा शब्द. विदर्भ-मराठवाड्यात त्याच जातीची ‘काळी-पिवळी’. १९४८ पासून रस्त्यावर एसटीचं राज्य होतं, पण फाट्यावरून आत सहा किलोमीटर असलेल्या वाडीला दिवसातून दोन गाड्या पुरत नव्हत्या. ती पोकळी महिंद्राच्या कमांडर, मार्शल आणि पुण्याच्या ट्रॅक्स या गाड्यांनी भरून काढली. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी, मागच्या बाजूला उभं राहायला पायरी, टपावर कॅरिअर, त्यावर कांद्याची पोती, सायकल, प्रसंगी शेळी. परवाना नऊ-दहा माणसांचा, आत माणसं वीस. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. चारही चाकांचा जोर इथे कोणालाच नको होता. जादा डिझेल खाणारं ते लोढणं, म्हणून गाडी बहुधा मागच्या दोन चाकांवर चालणारीच घ्यायची. जगभर जिची ओळख डोंगर चढणारी म्हणून आहे, ती गाडी आपल्याकडे बाजाराच्या दिवशी माणसं वाहून म्हातारी झाली.

आज नेमकं उलटं चाललंय. मावळ-मुळशीच्या चिखलात शनिवार-रविवारी उतरणारे हौशी लोक त्याच दोनचाकी जोराच्या जुन्या गाड्या शोधून काढतात आणि लष्करी किंवा पोलिसी लिलावातून आलेले पुढचे अॅक्सल त्यांना बसवतात. आजोबांच्या काळात मिस्त्रीला ‘हे काढून टाक’ म्हणून पैसे मिळत, आता ‘हे परत लाव’ म्हणून मिळतात.

मारुतीची जिप्सी या गोतावळ्यात उशिरा आली, डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसीच्या इवल्याशा पेट्रोल इंजिनासह. १९९६ मध्ये इंजिन १.३ लिटरचं झालं. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारे तिचे कडक पाटे बदलून मऊ बसवणं, हे जिप्सी घेणाऱ्याचं जवळजवळ पहिलं काम. ताडोब्यात जंगल पाहायला जाणारा माणूस आज ज्या पायरी-पायरीने उंच होत गेलेल्या बाकांवर बसतो, तो थाटही गॅरेजातलाच. नव्या सुरक्षा नियमांपुढे २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकाला जिप्सी मिळणं बंद झालं, तशी जुन्यांची किंमत चढली.

या सगळ्या कारागिरीवर कायद्याची नजर आधीपासून होती, फक्त ती अर्धवट मिटलेली होती. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम २००० च्या दुरुस्तीने कडक झालं. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. रुंद टायर, उंचावलेली चासी, पुढचा लोखंडी गार्ड, हे सगळं आता आरटीओच्या पासिंगच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. त्यामुळे जाणता गिऱ्हाईक आता गाडीखाली शिरण्याआधी आरसी बुक मागतो. चासी नंबर ठोकलेला आहे की वेल्डिंग करून चिकटवलेला, इंजिन नंबर कागदाशी जुळतो का, इंधनाच्या रकान्यात पेट्रोल असताना आत डिझेल धडधडतंय का, हे तो आधी पाहतो.

२०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. शुल्क वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट पुरी करणारी विलीस आपल्याकडे शोधायची कुठे? जी गाडी बदलली नाही ती बहुधा कधीच भंगारात गेली. जी जगली ती बदलत बदलतच जगली. म्हणून आता काही गॅरेजांत डिझेल इंजिन उतरवून साठ अश्वशक्तीचं जुनं पेट्रोल इंजिन शोधून बसवण्याचं काम चालतं, आणि ‘एफ’ कोरलेला बोल्ट जपून डबीत ठेवला जातो.

जिपेचा हा प्रवास एकदा उलट्या दिशेनेही झाला. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची, रस्त्यावर न्यायची नाही अशी फक्त आडरानासाठीची गाडी विकायला काढली. चेहरामोहरा जुन्या जिपेचाच. भारतातून तिचे भाग जहाजाने जात आणि मिशिगन राज्यात त्यांची जुळणी होई, माझगावला एके काळी विलीसच्या भागांची होत असे तशीच. जीप हे नाव तेव्हा ज्या कंपनीकडे होतं तिने हरकत घेतली आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने निर्णय दिला की रॉक्सरचं रूप जिपेच्या रूपावर अतिक्रमण करतं. मग महिंद्राने गाडीचं तोंड बदललं.