खर्ड्याच्या डोंगरवाटा अन् सायकल : वाट कुणाची, पाणी कुठं जातं अन् काय जपायचं

खर्डा (ता. जामखेड) : बालाघाटच्या डोंगरात सायकल घालायची म्हटलं की आधी प्रश्न येतो, ट्रॅक कुठाय? खर्डा परिसरात वाटांना तोटा नाही. बैलगाडीने, गुरांनी आणि मेंढरांनी त्या कधीच पाडून ठेवल्या आहेत. बघायच्या त्या दोनच गोष्टी. वाट कुणाच्या जमिनीतून जाते आणि पावसाचं पाणी तिच्यावरून कसं वाहतं. या दोन्ही जमल्या तर सायकल गावाला जड होत नाही. नाही जमल्या, तर भांडण होतं आणि माती वाहून जाते.

परिसर कसा आहे?

हरिश्चंद्रगडाच्या रांगेपासून फुटून आग्नेयेला गेलेली बालाघाटची रांग अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून जाते. खर्डा या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. एका बाजूला पाटोदा, दुसऱ्या बाजूला भूम. वर पठार, खाली खोरी आणि मधे खडकाळ उतार. जंगल दाट नाही. पळस, आपटा, सीताफळ, बोर, बाभूळ आणि गवताची कुरणं असं ते पानझडीचं, काटेरी रान आहे.

इथल्या वाटा जुन्या आहेत. ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या खर्ड्याच्या लढाईत निजामाची फौज मोहरीच्या घाटाने खाली उतरत होती. हरल्यावर निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. याच किल्ल्यापाशी २०२१ मध्ये ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज उभारला गेला. रानात दिशा चुकली तर या ध्वजाची खूण उपयोगी पडते. किल्ल्यात मात्र सायकल हातात धरूनच जावं. जामखेड–बीड रस्त्यावर सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे. तिथं पावसाळ्यात कड्याच्या टोकापर्यंत सायकल नेऊ नये.

माउंटन बाइक म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरवायला सुरुवात केली. त्यातून ही सायकल घडली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या जिल्ह्यातल्या संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने यात महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय पदकं मिळवली आहेत.

या सायकलचा टायर साधारण दोन इंच किंवा त्याहून रुंद आणि खोल नक्षीचा असतो. पुढं शॉकअप, चढासाठी हलके गिअर, उतारासाठी बहुतेक वेळा डिस्क ब्रेक. पातळ टायरची, दांडीच्या ब्रेकची साधी सायकल पाणंदीने चालते. घाटाच्या उतारावर ती घालू नये.

वाट कुणाची, हे आधी बघा

तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा बघायला मिळतो. नकाशात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. या वहिवाटीच्या वाटा आहेत. नकाशात नसलेली, कुणाच्या बांधावरून जाणारी वाट असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. बांध फुटला तर नुकसान त्याचं होतं.

वन खात्याच्या हद्दीत भारतीय वन अधिनियम १९२७ लागू आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, झाड तोडणं, नवी वाट पाडणं हा गुन्हा ठरू शकतो. आधी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही सांगावं. जिथं गावाने चराईबंदी केली आहे, तिथं गुरं बाहेर आणि सायकली आत, हे गावकऱ्यांना पटणार नाही. असा निर्णय ग्रामसभेतच व्हावा.

नवी वाट आखायची तर पाणलोटाचं गणित

सरळ वरून खाली जाणारी वाट दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होते. चाकाने मुरूम सैल होतो, पाणी त्याच रेषेत धावतं आणि माती ओढ्यात जाते. म्हणून वाट डोंगराला आडवी, हळूहळू चढणारी ठेवतात.

दोन साधे नियम जगभर पाळले जातात. पहिला, शंभर फूट चालल्यावर वाट सरासरी दहा फुटांपेक्षा जास्त चढू नये. दुसरा, डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून वाट तीव्र नसावी. म्हणजे शंभर फुटांत डोंगर बारा फूट उतरत असेल, तर वाट सहा फुटांपर्यंतच. वाटेची बाहेरची कड थोडी खाली ठेवली की पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं.

समतल चरासाठी वापरतात ती ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर इथंही चालतो. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यात हे कुणाला नव्याने शिकवायला नको. मात्र खणलेले चर बुजवून किंवा चराचा भराव तुडवून वाट काढू नये. पाण्यासाठी केलेली गावाची मेहनत त्यात जाते.

कधी जावं?

पावसाळ्यात काळी माती चाकाला, ब्रेकला चिकटते आणि सायकल उचलून न्यावी लागते. ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी वाळल्यावर तशीच राहते. मुरमाचं पठार मात्र उघडीप मिळाली की लवकर वाळतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परतावं. वाळल्या गवतात बिडी-काडी पेटवू नये, वणवा लागायला वेळ लागत नाही.

काटे आणि पंक्चर

इथं पहिला शत्रू सराटा, दुसरा बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट टाकलं की छोटी छिद्रं आपोआप बुजतात. ते नसेल तर दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं साहित्य जवळ हवं. टायरमध्ये हवा साधारण २५ ते ३५ पीएसआय ठेवावी, म्हणजे खडीवर पकड राहते. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून फाटते.

एवढं पाळाच

• हेल्मेट घालूनच उतरावं. उतारावर अंग मागं घ्यावं आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत.
• मेंढरांचा कळप दिसला की उतरून चालावं. सायकल पळताना दिसली की राखणीची कुत्री मागं लागतात.
• अंधारात अनोळखी रानात जाऊ नये. कठडा नसलेल्या विहिरी आणि गवतात झाकलेले चर दिसत नाहीत.
• एकट्याने जाऊ नये. खोऱ्यात मोबाईलला रेंज जाते, म्हणून घरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघावं.
• प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी ठेवावं.

गावाला काय मिळेल?

बाहेरून सायकलवाले आले तर त्यांना पिण्याचं पाणी, पिठलं-भाकरी, पंक्चर काढणारा आणि वाट दाखवणारा लागतो. ही कामं गावातली पोरं करू शकतात. पण त्याआधी कोणत्या वाटा खुल्या, कोणत्या बंद, पावसाळ्यात काय, हे ग्रामपंचायतीने ठरवून वेशीवर फलक लावावा. वाटेची डागडुजी कोण करणार हेही तेव्हाच ठरवावं. दर पावसाळ्यानंतर ओघळ बुजवायला माणसं नसतील, तर नवी वाट न पाडलेली बरी.

अडचणीत : रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, वन विभाग (वणवा, वन्यप्राणी) १९२६.