माळाचे जाणते

देवणी आणि लाल कंधारी ही लातूर-नांदेडकडची भूषणे. ती पोसली बालाघाटाच्या गवतावर. तरीही 'माळ' म्हटले की आम्हाला ओसाडपणाच आठवतो! महसुलाच्या दप्तराने त्याला पडीक ठरविले, आणि मग पडीक जमिनीत खड्डे खणून गिरिपुष्प लावणे हे पुण्यकर्म होऊन बसले. वस्तुतः माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो; लांबवर नजर पोचते, हीच त्याची तटबंदी. तिथे झाडी दाटली की तो निघून जातो. काळविटाचेही तेच.

सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा त्याच्या कक्षेत सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर मुलूख आला. त्यात गावेही आली आणि पिकती शेतेही. निर्बंधांमुळे शेतकरी त्रासले आणि बिचाऱ्या माळढोकाचे नावच अप्रिय झाले. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणले. आता तिथे माळढोकाचे दर्शन दुर्मिळ आहे.

माळाची खरी पारख होती फासेपारध्यांना. तितर कोणत्या झुडपाखाली निजतो, हरणाची वाट कुठून जाते, हे ठाऊक असल्यावाचून फास लावताच येत नाही. पण इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो पारध्यांच्याही माथी आला, आणि जाणता माणूस पोलिसांच्या हजेरीपटावरचा आकडा झाला. तो कायदा १९५२ साली गेला. संशय मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद केली. तिची गरज नव्हती असे मी म्हणत नाही. पण त्या माणसाने आता पोट कसे भरावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९८० च्या सुमारास कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत, अशी त्यांची नोंद आहे. ज्याला आपण लुटारू म्हटले, त्याच्याजवळ राखण्याचा नियम होता. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' संस्थेने नेमका हाच धागा धरला. फासेपारध्यांनीच गवताळ रान राखायला घेतले : नको ते तण काढायचे, चराईला आवर घालायचा, शिकार थांबवायची. अभ्यासकांची मोजणी आणि पारध्यांची नजर एकाच रानात उतरली. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि रान राखणाऱ्या गावाला त्या रानावर हक्क मागण्याची वाट मिळाली. रोपे लावण्याच्या समारंभाइतके हे काम डोळ्यांत भरत नाही, हे खरे. त्याला उद्घाटनाची फीत कुठे बांधणार?

आमच्या भागात असे काम उभे करायचे तर ते गायरानातच करावे लागेल. एका पारधी म्हाताऱ्याला मी गवतांविषयी विचारले. पवन्या, मारवेल, कुसळी अशी नावे त्याने बोटांवर मोजली आणि म्हणाला, "साहेब, दिवाळीच्या सुमाराला बी झडतं. ते भुईला पडल्याबिगर इळा लावू नका."